रेवदंड्याची गोड विहीर

अलिबागच्या स्टँडवरून रेवदंड्याची एस.टी. सुटली आणि थोड्याच वेळात आम्हा देशावरच्या माणसांना आपण दुसऱ्याच मुलखात आल्याची खूण पटली. आक्षी गेली, नागाव गेले, चौल आले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना माड आणि पोफळी, त्यांच्या सावलीत घर आणि घराच्या पाठीशी विहीर. आमच्याकडे विहीर म्हटली की ती रानात असायची. सहा-सात परस खोल, वाकून पाहिले तर डोळे फिरावेत अशी. इथल्या विहिरीत पाणी इतके वर की वाटावे, ओणवे होऊन तांब्या बुडवावा.

आम्ही दोघे निघालो होतो ते सहलीला नव्हे. सौ.चे मामा रेवदंड्यास असतात. वय पंचाहत्तर, वाडी वीस गुंठ्यांची, मुलगा नोकरीनिमित्त ठाण्याला, घरी मामा, मामी आणि सूनबाई. मामांचा फोन आला होता, "जावईबापू, तुम्ही सौरपंप बसवलाय म्हणे. आमचं काय करायचं ते ठरत नाही. एकदा येऊन विहीर बघून जा."

कोटाच्या पडक्या तटबंदीतून गाडी आत शिरली की रेवदंडा आले. हे गावच किल्ल्यात वसलेले आहे. १५२१ साली पोर्तुगिजांनी इथे किल्ला बांधायला घेतला, १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. आज तटाच्या आत पोफळीच्या वाड्या आहेत आणि माडांच्या शेंड्यांमधून जुन्या चर्चचा उंच मनोरा डोकावतो. त्याला लोक सातखणी म्हणतात. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कुंडलिकेची खाडी आणि खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगरी किल्ला. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी १४६९च्या सुमारास याच चौल बंदरात उतरला. त्याचे स्मारक रेवदंड्यात आहे.

पण आमच्या मामांना इतिहासापेक्षा पाण्याची चिंता अधिक. हातपाय धुऊन बसलो तोच मामींनी चहा पुढे केला. पहिला घोट घेतला आणि मी सौ.कडे पाहिले. तिनेही माझ्याकडे पाहिले. चहा खारट नव्हता, पण गोडही लागत नव्हता. मामी म्हणाल्या, "कळलं ना? फाल्गुन-चैत्रात तर चूळसुद्धा भरवत नाही. अजून मार्गशीर्षच चाललाय."

वाडी पडली त्या दिवसापासून

सायंकाळी मामांनी वाडी दाखवली. जुनी झाडे मोजकीच, बाकी सारी पुरुषभर-दीड पुरुष उंचीची तरणी रोपे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला धडकले. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगाने वारा दुपारभर वाहिला. चौल, रेवदंडा, मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धन या साऱ्या पट्ट्यातल्या वाड्या त्या एका दुपारी आडव्या झाल्या. पोफळीचे खोड उंच आणि बारीक. एक पडली की शेजारणीला घेऊन पडते. मामांच्या दोनशेवर पोफळींपैकी तेवीस उभ्या राहिल्या.

"आजोबांनी लावलेल्या होत्या," मामा म्हणाले. "पंचनाम्याला माणसं आली तेव्हा मी नुसता आकडा सांगत होतो. आवाज माझा नव्हताच जणू."

भरपाईचा हिशेब आधी हेक्टरावर झाला. इथल्या वाड्या गुंठ्यांच्या, तेव्हा हाती यायचे ते काय येणार? बागायतदारांनी आवाज उठवल्यावर मग झाडामागे हिशेब धरला गेला. पैसे आले तरी पोफळ काही लगेच उभी राहत नाही. रोप लावल्यापासून पाच-सात वर्षांनी शिंपुटे धरू लागते. तोवर तिला सावली द्यावी लागते आणि उन्हाळाभर पाणी द्यावे लागते. २०२० सालच्या पावसाळ्यात लावलेली रोपे आता कुठे पहिला घड दाखवू लागली आहेत. म्हणजे ज्या वर्षी वाडी पुन्हा हाताशी यायची, नेमके त्याच वर्षी विहीर मचूळ होऊ लागली. त्यात जमिनीचे दलाल दर महिन्याला दारात. वीस गुंठे विका, बंगला होईल, तुम्ही ठाण्याला मुलाकडे आरामात राहा. मामा त्यांना पाणी देतात आणि परत पाठवतात. पण मामींनी मला हळूच सांगितले, "यंदा दोनदा त्यांनी भाव विचारला हो."

रहाट होता तेव्हा

विहिरीच्या काठावर दोन दगडी खांब अजून उभे आहेत. त्यांवर पूर्वी रहाट होता. ज्यांनी तो पाहिला नाही अशा आमच्या तरुण वाचकांसाठी सांगतो. लाकडी चाकावर दोरांची माळ आणि माळेला मातीची गाडगी बांधलेली. बैल किंवा रेडा डोळ्यांवर झापड बांधून गोल फिरे. भरलेली गाडगी वर येत, दोणीत रिती होत आणि पुन्हा खाली जात. दोणीतून पाटाने पाणी प्रत्येक झाडाच्या आळ्यात जाई. ज्याच्या घरी जनावर नव्हते त्याच्याकडे पायरहाट असे. माणूस बसून हातापायांनी चाक फिरवी. रहाट करणारा सुतार गावातला, गाडगी घडवणारा कुंभार गावातला, दोर वळणारे हातही गावातलेच.

मग ऑइल इंजिन आले, विजेचा पंप आला आणि रहाट मोडीत निघाला. त्यात वाईट काही नव्हते. बैलामागे उभे राहून ज्यांची बालपणे गेली ते रहाटासाठी रडत नाहीत. मामांकडेही आधी लहान पंप होता. वादळानंतर नव्या रोपांना पाणी भरपूर लागेल म्हणून त्यांनी तीन अश्वशक्तीचा बसवला. घटकाभरात सगळी वाडी भिजे. सारे खूश होते. दोन उन्हाळे गेले आणि चहाची चव बदलली.

असे का झाले? समुद्राकाठच्या वाळूत पावसाचे गोडे पाणी मुरते ते खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण खारे पाणी जड. शास्त्रज्ञांनी याचा हिशेब मांडला आहे. समुद्राच्या पातळीहून गोडे पाणी १ फूट वर उभे असेल तर त्या पातळीखाली सुमारे ४० फूट गोड्या पाण्याचा साठा असतो. उलट, उपशाने वरची पातळी १ फूट कायमची उतरली तर खालचे खारे पाणी सुमारे ४० फूट वर सरकते. पुस्तकातला हिशेब शेतात तंतोतंत उतरत नाही, पण दिशा हीच. मोठा पंप घटकाभरात पाणी खेचतो तेव्हा विहिरीखाली खारे पाणी टेकाडासारखे वर उचलले जाते. रहाट दिवसभर थोडे थोडे पाणी काढी, तेवढ्यात बाजूचे गोडे पाणी झिरपून येई. बैलाला खाऱ्या-गोड्याचे ज्ञान नव्हते, पण त्याची चाल विहिरीला मानवत होती.

सूनबाईंनी एक लेखणीएवढी कांडी आणली. पाण्यात बुडवली की क्षारांचा आकडा दाखवते. सकाळी पंप सुरू करताना आणि दोन तासांनी, अशी दोन वेळा मोजणी करून त्या वहीत लिहून ठेवतात. दोन तासांत आकडा जवळजवळ दुप्पट होत होता. ती वही पाहिली आणि माझ्या पंपाच्या ज्ञानाचा ताठा उतरला. मी देशावर पाच अश्वशक्तीचा सौरपंप बसवला आहे, तोच इथेही बसवा असे सांगायला मी आलो होतो.

खाडीपलीकडचा आफ्रिका

रात्री जेवणानंतर ओटीवर गप्पा निघाल्या. या किनाऱ्याला आफ्रिका कधी परका नव्हता. चौलचे कापड शतकानुशतके गलबतांतून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जाई. रेवदंड्याच्या दक्षिणेला मुरुडजवळचा जंजिरा, तिथले सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. हबसाणातून गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, आणि त्यानेच सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादेला, नहरीने पाणी आणले. डोंगरातले पाणी जमिनीखालून, नुसत्या उताराच्या बळावर शहरात खेळवले. पाण्याची विद्या आफ्रिकेच्या एका पुत्राने आपल्या मुलखाला दिली, असे म्हणायला हरकत नाही.

आज त्या खंडात काय चालले आहे? केनियात मार्टिन फिशर आणि निक मून या दोघांनी १९९१ मध्ये एक संस्था काढली. पुढे तिचे नाव किकस्टार्ट झाले. त्यांनी पायाने चालवायचा पंप तयार केला आणि त्याला नावच दिले 'मनीमेकर', पैसा करणारा. दोन पट्ट्यांवर उभे राहून आळीपाळीने पाय दाबायचे. पायपंपाची ही कल्पना १९८०च्या सुमारास बांगलादेशात रुजली होती, आणि आपल्याकडे बंगाल-बिहारातही असे पंप पुष्कळ चालले. केनियातल्या मंडळींनी एक गोष्ट मात्र निग्रहाने पाळली. पंप फुकट वाटायचा नाही, विकायचा. दुकानात मिळाला पाहिजे, सुटा भाग मिळाला पाहिजे आणि भाजीच्या एक-दोन हंगामांत किंमत फिटली पाहिजे. नफा मालकाच्या खिशात घालायचा नाही, पण धंद्याची शिस्त सोडायची नाही. अशा संस्थांना आता सामाजिक उद्योग म्हणतात.

मामा हसले. "म्हणजे आमचा पायरहाटच की!"

"हो, पण त्यावर उभं कोण राहतं?" मामींनी विचारले. प्रश्न रास्त होता. पायपंप म्हणजे घाम आलाच, आणि तो बहुधा घरच्या बाईचा आणि शाळकरी पोरांचा. म्हणून केनियातही पुढे सौरपंप आले. पैसे एकदम कुठून आणायचे, तर हप्त्याने. तिकडे २००७ पासून मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय आहे, तिचे नाव 'एम-पेसा'. स्वाहिली भाषेतला पेसा म्हणजे आपलाच पैसा. जुन्या व्यापाराबरोबर शब्दही गलबतात बसून गेला. या सोयीच्या आधाराने 'एम-कोपा' नावाच्या कंपनीने २०१२ पासून सौरदिवे रोजच्या लहान हप्त्यावर विकले. रॉकेलला रोज जे पैसे जात तेच दिव्याच्या हप्त्याला गेले आणि अनेक झोपड्यांत उजेड आला. पण हप्ता चुकला की दिवा आपोआप बंद! सावकार दारात येत नाही, तो दिव्यातच बसलेला असतो. सोय आणि जाच एकाच पेटीत येतात, हे शेतकऱ्याने विसरू नये.

आपल्या महाराष्ट्रातली विद्याही तिकडे गेली आहे. इरावती कर्वे यांचे पुत्र डॉ. आनंद कर्वे यांनी पुण्याला 'आरती' ही संस्था काढली. शेणाऐवजी उष्टे-खरकटे, पिठूळ पदार्थ आणि खराब धान्य यांवर चालणारे छोटे गॅसयंत्र तिने तयार केले. शेणाच्या यंत्राला चाळीस किलो शेण लागे तिथे याला दोन किलो पिठूळ खाद्य पुरते, म्हणून ते गच्चीवर किंवा परसात मावते. २००६ मध्ये त्याला इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या कामासाठी संस्थेला हाच मान २००२ मध्येही मिळाला होता. पुढे टांझानियात दार-एस-सलाम इथे याच नावाने काम उभे राहिले आणि पुण्याचे गॅसयंत्र तिथल्या परसांत पोचले. राजस्थानात तिलोनिया इथल्या संस्थेत तर आफ्रिकेतल्या खेड्यांमधल्या आजीबाई सहा महिने राहून सौरदिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकून गेल्या. भाषा ठाऊक नाही, अक्षरओळख नाही. रंग आणि आकार यांवरून त्या तारा जोडायला शिकल्या.

सूनबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे यंत्र गावात दुरुस्त होतं का, हेच आधी विचारायचं." साऱ्या गप्पांचे सार त्यांनी एका वाक्यात सांगितले. रहाट टिकला तो सुतार-कुंभार शेजारी होते म्हणून.

पंपाचे काय ठरले

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कागद घेऊन बसलो. राज्य सरकारची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना २०२४ मध्ये सुरू झाली. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी पाच टक्के. अडीच एकरांपर्यंत जमीन असलेल्यास तीन अश्वशक्तीचा पंप. देशावरच्या शेतकऱ्याला ही योजना चांगली आहे, मी स्वतः सौरपंपावर समाधानी आहे. पण वीस गुंठ्यांच्या वाडीला, आणि तीही समुद्राकाठी, तीन अश्वशक्ती म्हणजे पुन्हा तीच चूक. त्यात सौरपंपाला विजेचे बिल नाही. बिल नसले की माणूस बटण बंद करायला विसरतो.

शेवटी असे ठरले. मोठा पंप काढायचा. अर्ध्या अश्वशक्तीचा लहान पंप दोन पाट्यांवर चालवायचा, म्हणजे तो ऊन असेतोवर रहाटासारखा संथ पाणी काढील. पाणी आधी उंचावरच्या टाकीत, टाकीतून ठिबकने झाडाच्या मुळाशी. पाटाने भिजवताना जे वाया जाते ते वाचेल. दुरुस्ती करणारा अलिबागचा मुलगा आधी भेटायचा, मगच पैसे द्यायचे. झावळ्या आणि पालापाचोळा जाळायचा नाही, आळ्यांत पसरायचा, म्हणजे ओल टिकते. आणि येत्या पावसाळ्याआधी कौलांचे पाणी पन्हाळीतून, वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीत सोडायचे. कोकणात पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो आणि बहुतेक सारा खाडीला जातो. त्यातला थोडा विहिरीत उतरला तर खाऱ्या पाण्याला तो खाली रेटून धरील.

पण एकट्या मामांनी करून भागणार नव्हते. जमिनीखाली बांध नसतो. शेजारच्याने जोराने उपसले की आपली विहीर खारट. म्हणून सायंकाळी आम्ही दोन शेजाऱ्यांकडे गेलो. पहिल्या घरी लगेच पटले. त्यांच्या विहिरीची तक्रार तीच होती. दोघांनी मिळून टाकी आणि पंप एकाच वेळी घ्यायचे ठरवले, कारागिराचा खेपेचा खर्च वाटला जाईल. दुसऱ्या बाजूला पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आहेत. मालक बाहेरगावचे. त्यांच्या पंपाची घरघर आम्हाला वाडीतून ऐकू येत होती. व्यवस्थापकाने नम्रपणे ऐकून घेतले, "साहेबांना सांगतो," म्हणाला. सूनबाईंनी त्याला आपली वही दाखवली आणि विचारले, "तुमच्या विहिरीचा आकडा मी लिहीत जाऊ का?" त्याने मान हलवली. तेवढे तरी झाले.

रेवदंडा म्हटले की पुष्कळांना धर्माधिकारी घराणे आणि त्यांच्या प्रतिष्ठानची वृक्षलागवड, स्वच्छता ही कामे आठवतात. हजारो हात एकत्र आले तर काय होते हे या गावाला कुणी शिकवायला नको. पण विहिरीची नोंद ज्याची त्यालाच ठेवावी लागते.

निघताना मामा तटापर्यंत पोचवायला आले. मी विचारले, "दलाल आला तर?"

"येऊ दे," ते म्हणाले. "त्याला सांगीन, तीन उन्हाळे थांब. विहीर गोड झाली तर विकायची नाही, आणि खारट राहिली तर तुलाही उपयोग नाही."

वाचकहो, तुमचे गाव समुद्राकाठी नसेल. तरी पंप घेण्याआधी दुकानदाराला विचारण्याआधी विहिरीला विचारा. दिवसभरात पाणी किती येते, किती वेळात भरून येते, चैत्रात चव कशी असते, हे एक वर्ष वहीत लिहा. यंत्राचा आकार विहीर ठरवील, जाहिरात नव्हे.

गेल्या आठवड्यात सूनबाईंचा फोन आला होता. लहान पंप बसून महिना झाला. आकडा थोडा उतरला आहे. खरी परीक्षा चैत्रात. मामींनी मागून ओरडून सांगितले, "चहाला या म्हणावं!"

आम्ही जाणार आहोत, चैत्रातच.